साडेतीन हात जागा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या शहराला ती व्यापारामुळे लाभली. परंतु जालन्याची आणखी एक ओळख होती, आणि ती मात्र आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. एकोणिसाव्या शतकात जालना हे एक लष्करी ठाणे होते. निजामाच्या पैशाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची एक फौज त्या काळी होती. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि जालना अशा ठिकाणी तिच्या तुकड्यांचा मुक्काम असे. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात सामील करण्यात आली आणि तिच्या घोडदळातून पुढे ‘डेक्कन हॉर्स’ या नावाने प्रसिद्धीस आलेले रिसाले तयार झाले.

या जालन्यापासून जवळच बेथेल नावाची एक वसाहत आहे. बेथेल हा शब्द हिब्रू भाषेतला असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो. ती वसविली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, पुन्हा जातीत घ्यावे की नाही, या प्रश्नावरून त्या वेळी केवढे वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू कशी घेतली होती, हे महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहे. जातीबाहेर पडणे म्हणजे काय, हे नारायणरावांनी स्वतः अनुभवले होते. पुढे जालन्यास आल्यावर त्यांचे लक्ष वळले ते मुख्यतः मांग समाजाकडे. ज्यांची घरे गावकुसाबाहेर, ज्यांची सावलीही लोकांना नकोशी, अशा कुटुंबांसाठी त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळविली आणि तेथे घरे, शाळा व प्रार्थनामंदिर उभे केले. ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांना बेथेलमध्ये जागा मिळाली.

गावाबाहेरच्या माणसाला जागा कोणी द्यावयाची, हा प्रश्न केवळ जालन्याचा किंवा बेथेलचा नव्हता. तो साऱ्या देशाचा होता. आणि १९१४ साली जेव्हा पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा हा प्रश्न हिंदी सैन्याबरोबर जहाजात बसून सातासमुद्रापलीकडे गेला.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांच्या मागोमाग घोडदळही गेले. विसावा डेक्कन हॉर्स आणि चौतिसावा पूना हॉर्स हे दोन्ही रिसाले त्यात होते. ज्यांनी जन्मात कधी बर्फ पाहिले नव्हते, अशी माणसे ऐन हिवाळ्यात चिखलाने भरलेल्या खंदकांतून उभी राहिली. त्यांच्या शौर्याच्या कथा पुष्कळ आहेत. त्या लिहिल्या गेल्या आहेत आणि पुढेही लिहिल्या जातील. येथे गोष्ट आहे ती निराळ्याच एका माणसाची. त्याच्या हाती बंदूक नव्हती.

सैन्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकधारी शिपाई उभा राहतो. परंतु शिपायाला पाणी लागते, भाकरी लागते. त्याच्या घोड्याला चारा लागतो. तो जखमी झाला, तर त्याला उचलून नेणारा लागतो. आणि हजारो माणसे जेथे एकत्र राहतात, तेथील घाण रोजच्या रोज कोणीतरी काढावी लागते. भिस्ती, आचारी, मोतद्दार, डोलीवाले, धोबी आणि झाडूवाले यांवाचून सैन्य एक दिवसही चालत नाही. इंग्रजांच्या कागदपत्रांत या सर्वांना मिळून ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारे, असे नाव होते. पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानातून सुमारे ११ लाख माणसे परदेशी गेली. त्यांपैकी ४ लाख ७५ हजारांच्या आसपास माणसे ही अशी मागून चालणारी होती. त्यांना पगार कमी, मान त्याहून कमी, आणि तोफगोळा मात्र शिपायाला लागतो तसाच लागे.

मागून चालणाऱ्यांना भेटीदेखील मागच्याच रांगेतल्या मिळत. १९१४ च्या नाताळासाठी इंग्लंडची सतरा वर्षांची राजकन्या मेरी हिने लोकांकडून वर्गणी जमवून प्रत्येक सैनिकाला एक पितळी डबी पाठविण्याचा संकल्प केला. हिंदी शिपायांच्या चालीरीती ध्यानात घेऊन त्यांच्या भेटीत खडीसाखर आणि मसाल्याचा डबा ठेवण्यात आला. शीख तंबाखू वर्ज्य मानतात म्हणून त्यांना सिगारेटी दिल्या नाहीत, इतरांना दिल्या. एवढा बारकाईचा विचार झाला! परंतु सैन्यामागे चालणाऱ्या नोकरांच्या वाट्याला काय आले? नुसता मसाल्याचा डबा. खडीसाखर शिपायापाशीच संपली.

फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील रुग्णालयांत आणीत. ब्रायटन शहरातील राजवाड्याचेच रुग्णालय करण्यात आले होते. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या लोकांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. जे हिंदू आणि शीख सैनिक तेथे मरण पावले, त्यांचे शहराबाहेरच्या टेकडीवर विधिपूर्वक दहन होई. १९२१ साली त्या जागी संगमरवरी छत्री उभारण्यात आली आणि ती आजही आहे. मुसलमान सैनिकांना वोकिंग येथील मशिदीच्या परिसरात मूठमाती मिळे. परक्या देशात, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने प्रत्येकाच्या धर्माचा असा मान राखला, ही गोष्ट लहान नव्हे. त्यात सरकारचा स्वार्थही होताच. शिपाई नाराज झाला, तर पुढची भरती कशी व्हावयाची?

सरकारप्रमाणेच सामान्य लोकांनीही हात दिला. त्यात चर्चशी निगडित असलेल्या मंडळींचा वाटा मोठा होता. ‘वाय. एम. सी. ए.’ या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या हिंदी शाखेने आपले कार्यकर्ते हिंदी सैन्याबरोबर फ्रान्सला पाठविले. सुरेंद्रकुमार दत्त हे त्यांतील एक. तंबूत किंवा लाकडी झोपडीत एक मोठी खोली असावयाची. तेथे चहा मिळे, ग्रामोफोन ऐकावयास मिळे, खेळावयास साधने असत आणि पत्रे लिहिण्यास कागद मिळे. ज्याला लिहिता येत नसे, त्याचे पत्र कार्यकर्ते लिहून देत. या सेवेला सरकारने एक अट घातली होती : शिपायांना धर्माचा उपदेश करावयाचा नाही. ख्रिस्ती संघटनेला ही अट कठीण वाटली असेल. पण त्यांनी ती मान्य केली आणि कागद, दौत व चहा एवढ्यावरच आपले काम चालविले. दुसऱ्याच्या घरचे पत्र लिहून द्यावयाचे आणि त्यात आपला शब्द घालावयाचा नाही, हे वाटते तितके सोपे नसते.

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात ‘न्यू फॉरेस्ट’ नावाचे जुने अरण्य आहे. त्या अरण्यात ब्रॉकनहर्स्ट हे एक लहानसे गाव आहे. १९१४ च्या अखेरीस या गावाचे रूप एकाएकी पालटले. तेथील दोन मोठ्या हॉटेलांची रुग्णालये झाली आणि मोकळ्या जागेत पत्र्याच्या इमारतींचे आणखी एक रुग्णालय हिंदी जखमींसाठी उभे राहिले. त्याला हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या दिवंगत पत्नीच्या नावावरून ‘लेडी हार्डिंज रुग्णालय’ असे नाव देण्यात आले. गावकऱ्यांनी मात्र त्या वस्तीला ‘टिन टाउन’, म्हणजे पत्र्याचे गाव, असे सुटसुटीत नाव ठेवले. नावे ठेवण्यात सगळीकडचे गावकरी सारखेच!

या रुग्णालयात सुखा नावाचा एक माणूस सफाईचे काम करीत असे. तो संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, बरेली शहराचा राहणारा. रुग्णालयातील शल्यवैद्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. परंतु जखमा धुतलेले पाणी, रक्ताने भरलेल्या पट्ट्या आणि रोग्यांची घाण जो माणूस उचलतो, त्याच्यावाचून शल्यवैद्याची विद्या दोन दिवसांत निरुपयोगी होईल. सुखा हे काम करीत होता. १२ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याला मृत्यू आला.

मराठीत आपण म्हणतो, की माणसाने कितीही मिळविले, तरी शेवटी त्याला साडेतीन हात जागा पुरे. सुखाच्या बाबतीत ही साडेतीन हात जागाच मिळेना. तो ज्या जातीत जन्मला होता, तिला अस्पृश्य मानीत. हिंदू त्याला आपल्या दहनभूमीत येऊ देण्यास तयार होईनात. तो मुसलमान नव्हता. म्हणून मुसलमानांच्या दफनभूमीतही त्याला जागा नाही, असे उत्तर आले. वर सांगितलेली सरकारची व्यवस्था किती चोख होती! नऊ स्वयंपाकघरे, वेगळे नळ, वेगळी स्मशाने. प्रत्येकासाठी तीत एकेक खण होता. एका माणसासाठी मात्र एकही खण निघाला नाही. ज्यांनी नकार दिला, ती माणसे दुष्ट होती असे नव्हे. तीही घरापासून हजारो कोस दूर होती, जखमी होती, आपापला धर्म जपू पाहत होती. पण ज्याने त्यांचे केर आणि मळ उचलले होते, तो मृत्यूनंतरही त्यांच्या शेजारी त्यांना नको होता, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्याजोगे नाही.

ब्रॉकनहर्स्टच्या ‘सेंट निकोलस’ चर्चचे धर्मोपदेशक आर्थर चेंबर्स यांच्या कानी ही हकीकत गेली. हे चर्च फार जुने आहे. त्याच्या आवारात ‘यू’ जातीचा एक वृक्ष आहे. त्याचे वय हजार वर्षांहून अधिक असावे, असे मानतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या गावचे लोक त्या आवारात मातीआड झाले. गावचा मनुष्य मेला, की त्याला तेथे नेऊन पुरावे, ही रीत. आणि गावचे लोक म्हणजे अर्थातच ख्रिस्ती लोक. परंतु चेंबर्स यांनी ठरविले, की हा माणूस इंग्लंडच्या कामी आला आहे; त्याला आपल्या चर्चच्या आवारात जागा मिळाली पाहिजे. त्याप्रमाणे सुखाला तेथे मूठमाती देण्यात आली.

एका धर्मोपदेशकाने मोठे मन दाखविले, एवढ्यावरच ही गोष्ट संपली असती, तर ती एका माणसाची गोष्ट झाली असती. पण पुढे जे घडले, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या चर्चला येणाऱ्या गावकऱ्यांनी आपापसांत वर्गणी काढली आणि सुखाच्या थडग्यावर एक शिळा उभारली. त्या वेळी त्या गावातील स्वतःची मुलेही रणांगणावर गेलेली होती. युद्धातून अशुभ वार्ता घेऊन येणारी तार कोणाच्या दारी केव्हा येईल, याचा नेम नव्हता. अशा दिवसांत, ज्याचा ना धर्म आपला ना देश आपला, अशा झाडूवाल्यासाठी त्यांनी खिशात हात घातला.

त्या शिळेवर पुष्कळ मजकूर कोरलेला आहे. ब्रॉकनहर्स्टच्या गावकऱ्यांनी ही शिळा उभारली, असे आरंभीच म्हटले आहे. सुखा हा बरेली शहरातील गंगापूर मोहल्ल्याचा रहिवासी होता. आपला देश, घर आणि मित्र सोडून तो महायुद्धात राजाच्या आणि साम्राज्याच्या सेवेसाठी आला आणि या गावातील जखमी हिंदी सैनिकांच्या रुग्णालयात नम्र सेवक म्हणून राबला, असे पुढे सांगितले आहे. त्यानंतर मृत्यूची तारीख आणि वय आहे. मग एक वाक्य येते, त्याचा आशय असा : धर्माने तो ख्रिस्ती नव्हता, परंतु त्याचे आयुष्य इतरांच्या हितासाठी खर्ची पडले. शेवटी, सर्वांचा देव आणि पिता एकच आहे, अशा अर्थाचे बायबलमधील वचन आहे.

या शिळेचे दोन शब्द मनाला जरा बोचतात. ‘साम्राज्याच्या सेवेसाठी’ असे तीवर म्हटले आहे. त्या साम्राज्याने सुखाचा देश पारतंत्र्यात ठेवला होता. आणि बरेलीच्या मोहल्ल्यातून हा तरुण निघाला, तो साम्राज्याच्या प्रेमाने निघाला की चार पैशांसाठी, हे त्याला कोण विचारणार होते? दुसरा शब्द ‘नम्र’. जनरलाच्या थडग्यावर कोणी हा शब्द कोरीत नाही. एवढ्या प्रेमाने उभारलेल्या दगडावरही सुखाची पायरी कोरल्यावाचून राहिली नाही. पण तो धर्माने आपला नव्हता, हे त्या लोकांनी लपविले नाही, ही गोष्ट मात्र फार मोठी आहे. त्याला जागा देताना त्यांनी त्याला आपल्या धर्मात ओढले नाही. मेलेल्या माणसाला काहीही नाव दिले, तरी तो तक्रार करीत नाही. त्याच्या थडग्यावर क्रूस उभारून ‘हा आमचाच’ म्हणणे किती सोपे होते! त्यांनी तसे केले नाही. तो होता तसा त्याला आपल्या पूर्वजांच्या शेजारी झोपू दिले.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात जागेचाच एक झगडा चालला होता. पण तो सैन्यातल्या जागेचा. महार समाजाचे लोक कित्येक पिढ्या कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत होते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यातील सुभेदार. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारकडे पुन्हा मागणी केली. मागणी साधी होती : आम्हांला इतरांच्या बरोबरीने शिपाई होऊ द्या. ती ऐकली गेली केव्हा? महायुद्ध लांबले आणि माणसे अपुरी पडू लागली तेव्हा. १९१७ साली ‘एकशे अकरावी महार’ नावाची पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट कायमची उभी राहण्यास दुसरे महायुद्ध आणि १९४१ साल उजाडावे लागले. ज्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते महाड ज्या कोकणात आहे, त्याच कोकणातील कित्येक घरांत लष्कराचे पेन्शन येत होते. पण गावच्या तळ्यावर त्या घरांना जागा नव्हती.

ब्रॉकनहर्स्टमधील हिंदी रुग्ण फार काळ तेथे राहिले नाहीत. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, हलविण्यात आले. घोडदळ मात्र फ्रान्समध्येच राहिले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी हाती भाले घेऊन चढाई केली, ती त्या युद्धातील एक आगळी घटना म्हणून सांगितली जाते. इकडे १९१६ मध्ये ब्रॉकनहर्स्टचे पत्र्याचे रुग्णालय न्यूझीलंडच्या सैनिकांकडे गेले. त्यांच्यापैकी ९० हून अधिक जणांना पुढे सेंट निकोलस चर्चच्या त्याच आवारात मूठमाती मिळाली. सुखाव्यतिरिक्त आणखीही हिंदी माणसे तेथे आहेत. जगाच्या दोन टोकांकडून आलेली ही माणसे आता एकमेकांची शेजारी झाली आहेत.

पत्र्याचे गाव उठून गेले. गावातील एका रस्त्याचे नाव मात्र ‘मीरत रोड’ असे आहे. ते या हिंदी रुग्णालयांच्या आठवणीने पडले. दर वर्षी एप्रिल महिन्यात न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन येतो, त्या सुमारास गावकरी चर्चमध्ये जमतात, प्रार्थना करतात आणि आवारातील थडग्यांपाशी जातात. न्यूझीलंडच्या सैनिकांच्या शिळांवर त्यांच्या सैन्याची आणि तुकडीची नावे आहेत. सुखाच्या शिळेवर पलटणीचे नाव नाही. तेथे मोहल्ला, शहर, प्रांत आणि देश असा, पाकिटावर लिहावा तसा, त्याच्या घरचा पत्ता आहे.